विहिरीचं पान

कडूबाला मुलगा झाला नाही, याचं दुःख मस्तगड मोहल्ल्यातल्या आयाबायांना जेवढं होतं तेवढं खुद्द कडूबाला कधी नव्हतं. निजामाचं राज्य होतं. जालन्यात कापसाच्या जिनिंगा धडधडत होत्या आणि कडूबा खांद्याला झोळी अडकवून बाजार धरत होता. कधी जाफराबाद, कधी भोकरदन, कधी पिंपळगाव रेणुकाईची जत्रा. झोळीत चित्रांची पानं असत. पैठणच्या कुण्या चिताऱ्यानं ती कडूबाच्या आज्यासाठी काढली होती. कागदावर कागद चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेला, तळहाताएवढा आकार, कडा हात लागून लागून काळ्या पडलेल्या. एकावर अशोकवनातली सीता, दुसऱ्यावर मसणवट्यात राबणारा हरिश्चंद्र, कशावर नुसती भरली घागर. विचारणाऱ्यानं मनात प्रश्न धरायचा, पालथ्या पानांतलं एक ओढायचं, आणि कडूबानं त्याचा अर्थ सांगायचा.

लोक म्हणत, कडूबाचं पान खरं होतं. घरी लेकीला मात्र तो वेगळं सांगायचा.

"साळे, पान खरं न्हाई अन् खोटंबी न्हाई. पान नुसतं दावतं. बोलणारे आपण. म्हणून बोलताना जीभ सांभाळायची."

"मंग अर्थ येतो कुठून, दादा?"

"आधी चितरात जे हाय ते सांगायचं. पदरचं घालायचं न्हाई. मंग समोरच्याला इचारायचं, तुला काय दिसून राह्यलं? त्याचा डोळा जिथं आधी जाईल, तिथं त्याचं दुखणं. अन् आपला अर्थ सगळ्यात शेवटी."

साळू शेजारी बसून हे ऐकायची. हरिश्चंद्राचं पान निघालं की माणसाचं तोंड उतरायचं. कडूबा हसून म्हणायचा, "अरे, ह्यात मेलेला कोण दिसतो तुला? हा तर उभा हाय. राज्य गेलं, बायको-पोरगं गेलं, पन दिलेला शब्द गेला न्हाई. तुझंबी काहीतरी सुटंल. शब्द तेवढा धरून ठेव." येताना घाबरलेला माणूस जाताना पाठ ताठ करून जायचा. साळूला वाटायचं, पान तर तेच होतं. मग बदललं ते काय?

एका पानाला मात्र सगळेच भीत. ते विहिरीचं पान. विहिरीत एक माणूस पारंबीला लोंबकळतोय. खाली तळाशी नाग फणा काढून बसलाय. वर एक काळा आणि एक पांढरा उंदीर ती पारंबी कुरतडतायत. काठावर मत्त हत्ती सोंड हलवत उभा आहे. आणि झाडावरच्या पोळ्यातून मधाचा एक थेंब नेमका त्या माणसाच्या जिभेकडं निघालाय. कडूबा त्याचा अर्थ सांगायचा तो त्याच्या आज्याचाच होता: मरण चहूकडून आलंय आणि हा खुळा मध चाटतोय, बाबा, लोभ सोड. तो अर्थ ऐकून कुणी खूश होऊन गेलेलं साळूनं पाहिलं नव्हतं.

कडूबा गेला तेव्हा साळूचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा नवरा मच्छिंद्र जिनिंगवर हमाली करायचा. माणूस सरळ, पण जगाच्या बोलण्याला भिणारा. झोळी बायकोनं खांद्याला लावली तेव्हा तो म्हणाला, "बाईमाणूस बाजारात बसून पानं उघडंल? लोकं काय म्हंतील? त्यापरीस माझ्यासंगं जिनीत चल. सरकी येचायला बाया लागतात."

"अवं, सरकी कुणीबी येचंल," साळूबाई म्हणाली. "हे मला एकटीलाच येतं."

ती जाफराबादच्या बाजारात निंबाखाली जाऊन बसली. पहिले काही बाजार बाप्ये दुरूनच बघून हसत गेले. मग बाया यायला लागल्या. कडूबापुढं ज्या कधी तोंड उघडत नव्हत्या त्या पदर सावरत बसायच्या, पान ओढायच्या आणि पानाकडं बघत आपलं सगळं बोलून टाकायच्या. माहेर तुटलेलं, कूस न उजवलेली, सवत आलेली. साळूबाई ऐकून घ्यायची. मग तिनं सांगितलेला अर्थ त्या मीठमिरचीसारखा पदराला बांधून न्यायच्या. हळूहळू बाप्येही बसायला लागले.

एका उन्हाळ्यात पूर्णेकाठच्या गावांना उलट्या-जुलाबांची पटकी लागली. बाजार ओस पडले होते. तरी साळूबाई निंबाखाली होती. एका दुपारी तिच्यासमोर छकडा थांबला आणि त्यातून रामराव उतरले. नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. घर मोठं, जमीन मोठी, आवाजही मोठा.

"तुम्हीच का कडूबाच्या साळूबाई? गावात रोज मढं उठून राह्यलं," ते म्हणाले. "लोकांना कळंना हे कशानं चाललंय. मला म्हाईत हाय. माझ्या धाकट्या भावानं, बद्रीनाथनं, मागल्या साली इहीर खांदली. पाणी लागलं अन् महिन्यात तो तापानं गेला. त्याची बायको पुष्पा पांढऱ्या पायाची. ती इहीर बाधलेली, अन् तीबी. तुम्ही गावात या. तिच्या हातानं पान काढायचं. कंचंबी निघू द्या, अर्थ हाच सांगायचा. मंग तिला गाव सोडाया लावायला मी मोकळा."

"अन् तिची जमीन?" साळूबाईनं विचारलं.

रामरावांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग छकड्यातून इरकली लुगडं काढून त्यांनी तिच्या पानांशेजारी ठेवलं. "ज्वारीचं पोतंबी घरपोच करतो. तुम्ही फक्त पानाचं बघा."

साळूबाईनं लुगड्याची घडी उचलून परत छकड्यात ठेवली. "पानं उघडायला येते," ती म्हणाली. "अर्थ पान निघाल्यावर."

रामरावांना वाटलं, बाई भाव वाढवून राह्यली. ते हसले आणि निघून गेले.

ती घरी परतल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "जाऊ नको. पटकीच्या गावात कुणी आपल्या पायानं जातं का? अन् त्यांच्या मनासारखं बोलली न्हाईस तर तुला जित्ती सोडतील?"

"मी न्हाई गेले तर ते दुसरं कुणी आणतील," साळूबाई भाकरी थापता थापता बोलली. "तो लुगडं घेईल अन् म्हंतील तेच बोलंल. मंग त्या पोरीचं काय?"

 सकाळी मच्छिंद्रनं तिची झोळी झटकून दारात तयार ठेवलेली होती.

रामरावांच्या गावाच्या वेशीपाशी निंबाचा पाला आणि शेण्या टाकून धुनी पेटवलेली होती. साथीची देवी मरी आत येऊ नये म्हणून लोक धुनी विझू देत नव्हते. धूर सगळ्या गावावर बसलेला. नदी आटलेली, वाळूत खड्डे करून बाया वाटी-वाटीनं गढूळ पाणी हंड्यात भरत होत्या. वेशीला लागून असलेल्या पिंपळाच्या पारावर गाव जमलं होतं. मध्ये पुष्पाबाई बसली होती. पंचविशीच्या आतबाहेरची, कपाळ उघडं, नजर जमिनीला. तिच्या आजूबाजूला चार हात मोकळी जागा होती. तिथं कुणी बसलं नव्हतं.

साळूबाईनं जाऊन त्याच मोकळ्या जागेत सतरंजी टाकली. पानं पिसली, पालथी मांडली.

"काढ लेकी."

"काय इचारू, मावशी? मला काही इचारायचं न्हाई," पुष्पाबाई पुटपुटली. "ह्यांनीच ठरवून ठिवलंय."

"तू काढ. ठरवायचं काय ते मंग बघू."

पुष्पाबाईनं हाताला लागलं ते पान ओढलं. साळूबाईनं उलटलं. विहिरीचं पान.

पारावर एकदम गलका झाला. मागच्या बाया पुढं वाकल्या आणि पुढच्या मागं सरकल्या. रामराव तर उठून उभेच राहिले. "घ्या! आता सांगायचं काय राह्यलं? इहीर निघाली! खाली नाग बघा नाग! साळूबाई, गावाला ऐकू जाईल असं सांगा."

 इतक्या पानांत हेच यावं? क्षणभर साळूबाईच्या मनात आलं, दादाचा अर्थ सांगावा आणि सुटावं. लोभ वाईट, देवाचं नाव घ्या. त्यात खोटं काही नव्हतं. पण तो अर्थ ऐकून गाव पुष्पाबाईला वेशीबाहेर काढणार होतं, हेही तितकंच खरं होतं. तिनं पान पुष्पाबाईच्या समोर धरलं.

"तुला आधी काय दिसलं?"

पुष्पाबाईनं पानावर बोट ठेवलं. "त्याचे हात," ती म्हणाली. "सोलपटले असतील. तरी धरून हाय."

साळूबाई उठली. पान उंच धरून ती पारावरून सगळ्यांना दिसेल असं हळूहळू फिरली.

"ज्याला दिसत न्हाई त्यानं पुढं यावं. ह्यात काय हाय ते सांगते. हा माणूस रानानं चालला व्हता. मागं हत्ती लागला. पळता पळता इहीर दिसली, तसा तो पारंबी धरून आत उतरला. खाली नाग. वर दोन उंदीर, एक काळा, एक पांढरा."

"हा किस्सा आमच्यातबी सांगतात," कडेला बसलेले ख्वाजामियाँ म्हणाले. गावातले जुने पिंजारी, दाढी पांढरी झालेली. "चूहे म्हंजे दिन अन् रात."

"बराबर बोलले, चाचा. दिस अन् रात. अन् ही पारंबी म्हंजे उमर. ती माझीबी कुरतडली जाऊन राह्यली, चाचांचीबी, रामरावांचीबी. मंग मला सांगा, ह्या पानात एकटी पुष्पा कुठं हाय? ह्यात तर सारा गाव लोंबकळून राह्यला."

"अन् इहीर?" कुणीतरी मागून ओरडलं. "इहिरीचं बोला!"

साळूबाई थांबली. विहिरीचा अर्थ दादानं कधी सांगितलाच नव्हता. हत्तीचा सांगितला, नागाचा सांगितला, मधाचा तर दरवेळी सांगितला. विहीर नुसती जागा म्हणून राहिली होती. ती पानाकडं बघत राहिली आणि आयुष्यभर पाहिलेलं चित्र तिला पहिल्यांदा नीट दिसलं.

"ऐका," ती म्हणाली. "हे माझ्या दादानं सांगितलेलं न्हाई. त्याच्या आज्यानंबी न्हाई. हा अर्थ माझा हाय, त्याचं पाप-पुण्य माझ्या माथी. हत्ती ह्याला तुडवणार व्हता. मोकळ्या रानात ह्याला जागा कुणी दिली? इहिरीनं. आजून ह्याचा जीव हाय तो इहिरीच्या आसऱ्यानं. आज तुमच्या गावात हत्ती कोण? पटकी. अन् तुम्ही काय करून राह्यले? भरल्या इहिरीला पाठ फिरवून वाळूतलं गढूळ पाणी पिऊन राह्यले, अन् जिनं इहीर राखली तिलाच हाकलाया निघाले."

 रामरावांचा आवाज चिरकला. "अन् ते पाणी पिऊन उद्या मढी पडली तर? तू तर जाशील जालन्याला!"

"मी जात न्हाई. पुष्पाच्या घरी ऱ्हाते, तेच पाणी पिते. त्या पाण्यात मरण असंल तर पयलं मढं माझं पडंल."

रामराव पुढं झाले. त्यांनी सतरंजीवरची पानं झोळीत कोंबली आणि कुणाला काही कळायच्या आत झोळी वेशीतल्या धुनीत भिरकावली. खळीचा कागद तो. आधी फुगला, मग रंगांसकट निळसर पेटला. सीता गेली, हरिश्चंद्र गेला, भरली घागर गेली. कडूबाचा आजा, बाप आणि स्वतः कडूबा अशा तिघांच्या बोटांचे डाग त्यात गेले. साळूबाईचे पाय धुनीकडं ओढ घेत होते. पण आपण आता आगीत हात घातला तर गाव तेच लक्षात ठेवील, बोललेलं विसरेल, हे तिला कळत होतं. ती जागची हलली नाही. हातात राहिलेलं विहिरीचं पान तिनं चोळीत खोवलं आणि पुष्पाबाईला म्हणाली, "चल लेकी. इहीर दाव."

विहीर गावाला लागूनच होती. नवीन, दगडानं बांधलेली, पाणी कातळातून आलेलं. गाव मागोमाग आलं आणि लांब उभं राहिलं. साळूबाईनं पोहरा सोडला, ओढला आणि सगळ्यांदेखत ती घटाघटा प्यायली. उरलेलं पाणी तोंडावर मारलं. "गोड हाय," ती म्हणाली. कुणी पुढं आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. पुढं गावातली एक म्हातारी गेली, तसे रामराव दारात येऊन ओरडले, "बघा! म्हणलो न्हवतो?" घरात पुष्पाबाई साळूबाईला म्हणाली,

"मावशी, तुम्ही जा. माझ्यापायी तुमचं सारं जळालं."

"म्हातारी वाळूतलं पाणी पीत व्हती," साळूबाई म्हणाली, आणि दाराबाहेर जाऊन तिनं हेच रामरावांना आणि त्यांच्या मागच्या लोकांना मोठ्यानं सांगितलं. रामरावांनी शिवी हासडली. ती तिथंच उभी राहिली. शेवटी तेच गेले.

ते गेल्यावर ख्वाजामियाँची बायको कमरबी हंडा घेऊन आली. घरात तिचा जावई उलट्यांनी आडवा पडला होता. "मरनेवाला तो मर रहा है," ती म्हणाली, "निदान साफ पाणी पिऊन मरू दे." साळूबाईनं तिचा हंडा भरून दिला. कमरबीनं पाणी उकळून, मीठ टाकून जावयाला चमच्या-चमच्यानं पाजलं. जावई मेला नाही. त्यानंतर चोरून एक बाई आली. मग दोघी मिळून आल्या. मग दिवसाउजेडी रांग लागली, आणि रहाटाच्या दोराला विसावा मिळेना.

पुढं जाफराबादहून सरकारी डाक्तर येऊन सुया टोचून गेला आणि पटकी ओसरली. पाण्यामुळं ओसरली, सुयांमुळं ओसरली, की तिचा तिचाच फेरा संपला, हे साळूबाईनं कधी ठासून सांगितलं नाही. लोक सांगत, साळूबाईच्या पानानं मरी पळाली. ती म्हणायची, "पान कुणाला पळवत न्हाई. बायांनी पाणी शेंदलं, तेवढं खरं."

रामरावांचं डोकं काही ठिकाणावर आलं नाही. पुष्पाबाईचे बांध कोरायचे, तिच्या पिकात गुरं घालायचे, कचेरीत अर्ज करायचे, सगळं त्यांनी केलं. पण आता सारं गाव पुष्पाबाईच्या विहिरीचं पाणी पीत होतं. रामरावांच्या साक्षीला कोणी उभं राहीना. ख्वाजामियाँच्या बैलांवर पुष्पाबाईनं त्या साली पेरणी केली आणि पुढं स्वतःचे बैल घेतले.

साळूबाई जालन्याला परत आली ती रिकाम्या खांद्यानं. मच्छिंद्रनं झोळी कुठं गेली ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं. त्यानं विडी पेटवली.

"मंग आता जिनीत येतीस का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. पैठणला जाते. तो चितारी न्हाई तर त्याचं घराणं असंल."

मच्छिंद्रनं विडी विझवली. "एकटी कशी जाशील एवढ्या लांब? मी छकडा बघतो."

पैठणला त्या घराण्यातला एक म्हातारा चितारी उरला होता. हात थरथरायचे. पानं कुणी मागत नाही, म्हणून त्यानं कुंचले गुंडाळून ठेवले होते. "छापील चितरं स्वस्तात मिळतात, बाई. ती घे," तो म्हणाला. साळूबाई त्याच्या ओसरीवरून उठली नाही. तिनं चिंचोके भाजले, दळले, खळ शिजवली. कागद चिकटवून उन्हात वाळवले आणि शंखानं घोटले. म्हातारा आतून बघत होता. शेवटी तो कुंचला घेऊन बाहेर आला. ती डोळे मिटून एकेक पान सांगायची: सीतेच्या झाडाखाली किती राक्षसिणी, हरिश्चंद्राच्या हातातली काठी कोणत्या अंगाला. तो काढायचा. जिथं त्याचा हात कापायचा तिथली रेघ वाकडी व्हायची. ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. मला ओळखू आलं म्हंजे झालं."

ती पानं आणि त्यांत वाचलेलं विहिरीचं जुनं पान घेऊन साळूबाई पुन्हा बाजार धरायला लागली. जिनिंगला सुट्टी असली की मच्छिंद्र तिला जाफराबादला सोडायला यायचा आणि निंबाखालची जागा झाडून द्यायचा.

दिवस फिरले. रझाकारांचं ते वर्ष आलं, तेव्हा बाजारात माणूस माणसाकडं बघेना. कमरबीच्या घराला कुलूप लागलं, पुढं उघडलं. पुष्पाबाईनं आपल्या वाड्यात दोन घरची माणसं लपवून ठेवली, एकदा हिंदू घरची आणि एकदा मुसलमान घरची. मग भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. त्यानंतरचा पहिला बाजार भरला तो नावापुरता. भाजीच्या थोड्या पाट्या, एक मिरचीवाला, आणि निंबाखाली साळूबाई. केस पांढरे झालेले, आवाज तोच.

एक तरणा शेतकरी तिच्यासमोर येऊन बसला. अंगावर नवा सदरा. "साळूमावशी, सारं राज्य बदललं. पान काढून सांगा, आता पुढं काय व्हईल?"

"राज्याचं पान माझ्याकडं न्हाई, बाळा," साळूबाई म्हणाली. "राज्य काय करंल ते राज्यवाल्यांना इचार. तुला तुझं इचारायचं असंल तर बस."

तो गडबडला. इकडंतिकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पळून गेलेलं शेजारचं घर गावाला परत येऊन राह्यलं. आमच्यावाल्यांनी त्यांचं सामान नेलं व्हतं. मीबी नेलं. आता त्यांच्या पुढ्यात कसा जाऊ?"

साळूबाईनं पानं पिसली आणि सतरंजीवर पालथी मांडली.

"काढ," ती म्हणाली. "अन् पान बघून झालं की इथूनच सरळ त्यांच्या घरी जायचं. कबूल असंल तर हात लाव."

 त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढं केला.